उतारवयातील व्यायाम आणि पिलाटीज

वृद्धांनी व्यायाम वर्ज्य करावा, असे वाग्भटाचार्य अष्टांगहृदयात सांगतात. मग साठीनंतर पिलाटीज सुरू करू इच्छिणाऱ्या रुग्णास आपण वैद्यांनी काय सांगावे?

जर्मनीत जन्मलेल्या जोसेफ पिलाटीज (१८८३–१९६७) यांनी ही व्यायामपद्धती रचली. श्वासाच्या लयीत, सावकाश, उदर व कटीच्या स्नायूंवर ताबा ठेवून हालचाल करणे हे तिचे सूत्र होय. कटिशूलात तिचा काही लाभ दिसतो. मात्र इतर व्यायामांहून ती श्रेष्ठ असल्याचे २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत सिद्ध झालेले नाही.

आमच्या मते शास्त्राचा निषेध वृद्धशरीरास थकविणाऱ्या आयासाला आहे. अर्धशक्तीची मर्यादा पाळल्यास विरोध उरत नाही. कपाळी घाम, मुखशोष किंवा तोंडाने श्वास सुरू होताच थांबावे. अस्थिसौषिर्य असल्यास पाठ पुढे गोल वाकविणारे प्रकार वर्ज्यच समजावेत. त्यांमुळे मणक्याचा अस्थिभंग होऊ शकतो. म्हणून सांधेदुखीसाठी तेल वा गुग्गुळकल्प देताना औषधालयचालकांनीही ‘व्यायाम कोणता करता?’ एवढे अवश्य विचारावे आणि शंका आल्यास रुग्णास वैद्यांकडे पाठवावे.