समोर बसणाऱ्यांची शाळा

ऑगस्टमधली संध्याकाळ. पुण्याच्या सदाशिव पेठेत पावसाची रिपरिप सकाळपासून चालू असते. भरत नाट्य मंदिराच्या आवारात ओल्या छत्र्या, रेनकोट, हेल्मेटं, आणि त्यांच्यामध्ये उभी राहून तीस-चाळीस मुलंमुली गळ्याच्या शिरा ताणून विचारत असतात, ‘आव्वाज कुणाचा?’ उत्तर दुसऱ्या कॉलेजच्या घोळक्यातून त्याहून मोठ्याने येतं. सगळे आत जातात, तरी आरोळ्या थांबत नाहीत. मग तिसरी घंटा होते, दिवे जातात आणि क्षणापूर्वी छप्पर डोक्यावर घेणारं ते सभागृह गप्प होतं. पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेरीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही शांतता. घसा बसेपर्यंत ओरडलेली मुलं आता तासभर दुसऱ्या कॉलेजचं म्हणणं ऐकणार असतात.

या स्पर्धेतून कोण कोण पुढे गेलं याची यादी पुण्यात कुणीही सांगेल. समोर बसणारे इथे कसे घडतात, याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही.

महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. पुण्यातल्या प्राथमिक फेरीत ५१ संघ, एका वेळी तीन एकांकिका, आणि त्यातून अंतिम फेरीत जाणारे फक्त नऊ. एकांकिकेला तासाची मर्यादा. भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर. नेपथ्य कितीही देखणं केलं, प्रकाशयोजनेवर कितीही खर्च केला, तरी त्याने गुण वाढत नाहीत. त्यामुळे पैसेवालं कॉलेज आणि तालमीला धड खोली नसलेलं कॉलेज इथे बरोबरीने उभं राहतं. याचा परिणाम प्रेक्षकांवरही होतो. डोळे दिपवणारं काही नसल्यामुळे समोरच्याला शब्दाकडे आणि माणसाकडेच पाहावं लागतं. एखादं वाक्य खोटं लागलं की मागच्या रांगेत लगेच चुळबुळ सुरू होते. नट खरा असेल तर रिकाम्या रंगमंचावरची एक खुर्चीही पुरते.

कॉलेजात असताना मी बॅकस्टेजला होते. तालमी रात्री वर्गातच चालायच्या. बाकं भिंतीला लावायची, फरशीवर खडूने भरतच्या रंगमंचाचं माप आखायचं, विंगा कुठे येतात तिथे फुल्या मारायच्या. सकाळी झाडलोट झाली की आमचा रंगमंच पुसला जायचा आणि संध्याकाळी तो पुन्हा आखावा लागायचा. माझं काम घड्याळाचं. रन थ्रू संपला की मी आकडा सांगायचे : त्रेसष्ट, बासष्ट, पुन्हा बासष्ट. मग तिथेच फरशीवर बसून कुठली वाक्यं काढायची यावर वाद. नोकरी संपवून थेट तालमीला येणारे आमचे माजी विद्यार्थी त्या वादात असायचे. एकाने एकदा विचारलं होतं, ‘हे वाक्य तुम्हाला आवडतं म्हणून आहे, की नाटकाला हवं म्हणून?’ वाक्य गेलं. आमच्या संघातलं कुणीही पुढे रंगभूमीवर गेलं नाही. पण कुठलाही मजकूर वाचताना तो प्रश्न मला आजही पडतो, आणि आमच्यातल्या बाकीच्यांनाही पडत असणार.

२०२२ साली परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही. एकही एकांकिका त्या तोडीची नाही, असा त्यांचा निर्णय होता. स्पर्धेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. ज्या मुलांनी दोन महिने रात्री जागवल्या होत्या त्यांना काय वाटलं असेल हे मला कळतं, आणि त्यांचा राग मला रास्तच वाटतो. तरीही त्या निर्णयावरून चहाच्या टपऱ्यांवर आणि कॉलेजच्या कट्ट्यांवर जो वाद झडला, तो मला आश्वासक वाटला. ‘तोड’ म्हणजे काय, ती कुणी ठरवायची, आपण पाहिलेल्या नऊपैकी कोणती तिथवर जात होती, हे विशीतली मुलं तावातावाने मांडत होती. नाटक मनापासून पाहिल्याशिवाय असं भांडता येत नाही.

पुण्यातल्याच फिरोदिया करंडक या दुसऱ्या स्पर्धेची तऱ्हा अगदी वेगळी. तिथे एकाच सादरीकरणात गाणं, नाच, चित्र, शिल्प, जादूचे प्रयोगसुद्धा चालतात. दोन्ही स्पर्धा पाहणाऱ्या मुलाला हात राखणं आणि हात मोकळा सोडणं यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

याच भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे हे दोघेही बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे. पुणे विद्यापीठाने गणेशखिंडीच्या आवारात ललित कला केंद्र सुरू केलं ते १९८७ मध्ये, म्हणजे नाट्यशिक्षणाचा रीतसर अभ्यासक्रम येण्याच्या कितीतरी आधीपासून कॉलेजांनी हे शिक्षण आपल्या परीने चालवलं होतं.

भाषणं ऐकण्याची रीतही अशीच विद्यापीठाच्या आधीपासूनची. २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वार्षिक समारंभात, पुण्याच्या गोखले हॉलमध्ये, १९३५ च्या भारत सरकार कायद्यातल्या संघराज्य योजनेची चिकित्सा केली. तेव्हा पुणे विद्यापीठ स्थापन व्हायला दहा वर्षं होती. हे भाषण पुढे पुस्तकरूपाने आलं. ते वाचताना जाणवतं की बाबासाहेबांनी श्रोत्यांना कुठेही सवलत दिलेली नाही. कलमं, तरतुदी, संस्थानांचे अधिकार, सगळं त्यांनी श्रोत्यांसमोर तपशिलाने मांडलं. समोरच्याला हे पेलेल, असा भरवसा वक्त्याला होता.

हा भरवसा आता अनेक सभागृहांत दिसत नाही. मुलांना हजेरीच्या सक्तीने आणून बसवतात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय यांत पाऊण तास जातो. वक्ता घाईघाईने बोलतो आणि शेवटी माइकवरून सांगितलं जातं, ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत.’ नुकत्याच पाहिलेल्या अशाच एका कार्यक्रमात माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलीने वर केलेला हात हळूच खाली घेतला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. आभारप्रदर्शन त्यानंतर दहा मिनिटं चाललं.

विद्यापीठाच्याच आवारात, खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत, याच्या नेमकं उलट पाहायला मिळतं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चंद्रशेखर सभागृहात शाळकरी मुलांसाठी व्याख्यान होतं, एकदा इंग्रजीत आणि मग मराठीत किंवा हिंदीत. बाहेर चार्ल्स कोरियांनी रचलेल्या अंगणात न्यूटन, आइनस्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट यांचे पुतळे आहेत. एरवी कुणी मोठं नाव आलं की मुलं वहीचं पान उघडून सहीसाठी गर्दी करतात. नारळीकर सही देत नसत. ते सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन, सही त्याच्याखाली असेल.

म्हणजे ज्याला सही हवी असेल त्याला आधी प्रश्न शोधावा लागे. मूल घरी जायचं, पोस्टकार्ड समोर ठेवून बसायचं, आणि ऐकलेलं भाषण पहिल्यापासून आठवू लागायचं.