नाव एक, कुळे तीन

पूर्व घाटात कडप्पा व नेल्लोर या जिल्ह्यांच्या दरम्यानच्या डोंगरांत राहणारा एक लहानसा सस्तन प्राणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रथम विज्ञानाच्या दप्तरी दाखल झाला. तो उजेडात आणणारे गृहस्थ म्हणजे मद्रास इलाख्याच्या, अर्थात आजच्या चेन्नईहून चालणाऱ्या त्या काळच्या राज्यकारभाराच्या, मुलकी सेवेतील वॉल्टर एलियट. मराठी वाचकांना हे नाव अगदीच परके वाटू नये. कारण दक्षिण मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांची त्यांनी तयार केलेली सूची १८३९ साली मद्रासच्याच एका विद्वत्पत्रिकेत प्रसिद्ध झाली होती.

पूर्व घाटातील या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज वॉटरहाउस यांनी केले आणि १८५० मध्ये ते छापले गेले. एलियट यांच्या सन्मानार्थ त्यांनी त्याला ‘तुपाइया एलियोटी’ असे नाव दिले. पुढे १९१३ साली मार्कस लायन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने त्याच्यासाठी ‘अनाथाना’ ही स्वतंत्र प्रजाती केली. या दोन्ही नावांत एक गंमत दडलेली आहे. ‘तुपाइया’ हे ‘तुपाई’ या मलायी शब्दावरून आले, आणि मलायी भाषेत तुपाई म्हणजे खार. ‘अनाथाना’ हे या प्राण्याच्या तमिळ नावावरून घेतले, आणि त्या नावाचा अर्थ बांबूतील खार असा आहे. म्हणजे मलायात काय किंवा तमिळ देशात काय, लोकांच्या डोळ्यांना तो खारच वाटला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी मात्र त्याला ‘ट्री श्रू’, म्हणजे झाडावरची चिचुंदरी ठरविले. वास्तविक तो खारही नव्हे आणि चिचुंदरीही नव्हे.

मग त्याला ओळखावे कसे? प्रथम मुस्कट पाहावे. खारीचे मुस्कट आखूड व बोथट असते. याचे लांब व निमुळते असते, आणि त्यावर खारीसारख्या लांब मिशा नसतात. पाठीकडे लक्ष द्यावे. आपल्या अंगणातल्या खारीच्या पाठीवर लांबीच्या दिशेने पट्टे असतात. दक्षिणेकडील जातीत तीन, उत्तरेकडील जातीत पाच. वृक्षचिचुंदरीच्या पाठीवर असे पट्टे नसतात. तिचा रंग पिवळसर तपकिरी व ठिपकेदार असून खांद्यावर मात्र एक फिकट, सायीच्या रंगाची तिरपी रेघ असते. पुढच्या पायांवर खारीला चार ठळक बोटे दिसतात, कारण तिचा अंगठा खुरटलेला असतो. वृक्षचिचुंदरीला पाचही बोटे असतात व प्रत्येकाला नखी असते. जबडा उघडून पाहिला तर शंकेला जागाच राहत नाही. खारीला कुरतडण्याचे मोठे दात असतात, सुळे मुळीच नसतात, आणि दातांची एकूण संख्या वीसबावीसच्या पुढे जात नाही. वृक्षचिचुंदरीला सुळ्यांसह अडतीस दात असतात, कारण तिचा आहार मुख्यतः किडे व गांडुळे हा असून फळे व बिया ती जोडीला खाते. नावात झाड असले तरी ती अन्न शोधते ते बहुतेक जमिनीवरच.

चिचुंदरीपासून तिला वेगळे काढणे त्याहून सोपे आहे. घराच्या भिंतीला लागून चिंचिं करीत जाणारी, उग्र वासाची आपली चिचुंदरी बारीक डोळ्यांची असते. वृक्षचिचुंदरीचे डोळे मोठे असून कवटीत डोळ्याच्या खोबणीमागे हाडाचे पूर्ण कडे असते. चिचुंदरीच्या कवटीत असे कडे आढळत नाही.

येथे या कथेत तिसरे पात्र प्रवेश करते. आफ्रिकेत एक लांब नाकाचा, मोठ्या डोळ्यांचा, लांब मागच्या पायांवर उड्या मारणारा प्राणी आहे. त्याचे नाक लवचीक असून सोंडेसारखे सर्व बाजूंना वळते. म्हणून युरोपियनांनी त्याला हत्तीचिचुंदरी म्हटले. १८६६ साली अर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने कीटकभक्षक सस्तन प्राण्यांचे दोन विभाग केले. लहान व मोठे आतडे जेथे मिळतात तेथील अंधनाल नावाची पिशवी ज्यांना असते, त्यांचा एक विभाग. ज्यांना नसते, त्यांचा दुसरा. चिचुंदरी व साळुंकी नसलेला काटेरी जाहक दुसऱ्या विभागात गेले. पहिल्या विभागात वृक्षचिचुंदरी व हत्तीचिचुंदरी शेजारी शेजारी बसल्या. अशा रीतीने पूर्व घाटातला प्राणी आणि आफ्रिकेतला प्राणी एकमेकांचे भाऊबंद ठरले.

ही सोयरीक टिकली नाही, आणि ती का टिकली नाही हे समजून घेण्यासारखे आहे. अंधनाल ससा, घोडा, माकड अशा कितीतरी प्राण्यांत असते. दूरच्या पूर्वजांकडून अनेक घराण्यांत सारखाच उतरलेला अवयव त्यांपैकी दोघांचे जवळचे नाते सिद्ध करू शकत नाही. विसाव्या शतकात काही शास्त्रज्ञांनी वृक्षचिचुंदरीला थेट वानरगणात घातले. पुढे तिचा स्वतंत्र गण मानण्यात आला. तथापि जनुकीय अभ्यासानेही वानरगण हा तिच्या निकटच्या आप्तांपैकी एक असल्याचे दाखविले. हत्तीचिचुंदरीची गोष्ट तर अधिकच नवलाची आहे. १९९८ साली जनुकांच्या आधारे आफ्रिकेतील प्राण्यांचा एक मोठा समूह मांडण्यात आला. त्यात हत्ती, समुद्रगाय, आर्डव्हार्क यांच्यासमवेत ही सोंडवालीही आली. केवळ नाकावरून दिलेले नाव नात्यानेही काही अंशी खरे निघाले. चुकला होता तो नावाचा उत्तरार्ध. म्हणून आता शास्त्रज्ञ तिला आफ्रिकी भाषांतून घेतलेले ‘सेंगी’ हे नाव देणे पसंत करतात.

सेंगींच्या सुमारे वीस जाती ज्ञात आहेत. त्यांतील मोठ्या सेंगी अरण्यात राहतात व अंगावरील रंगांवरून ओळखू येतात. एकीचा पार्श्वभाग सोनेरी, दुसरीच्या पाठीवर चौकटी. लहान सेंगी बहुधा करड्या-तपकिरी असून परस्परांसारख्या दिसतात. त्यांच्या बाबतीत डोळ्याभोवतीचे कडे, शेपटीचे केस, बोटांची संख्या आणि अखेर जनुके तपासावी लागतात. टांझानियातील उद्झुंग्वा पर्वतात करड्या तोंडाची, सुमारे सातशे ग्रॅम वजनाची मोठी सेंगी आढळली व २००८ साली ती नवी जात म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील कारू प्रदेशातील एक सेंगी, जी तोवर शेजारच्याच जातीची समजली जात होती, जनुकीय पुराव्यामुळे निराळी ठरली. २०१४ साली नामिबियातून जेमतेम तीस ग्रॅम वजनाची आणखी एक जात पुढे आली.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. ज्याला नाव नाही त्याची गणना होत नाही, आणि ज्याची गणना होत नाही त्याचे रक्षण करणे कठीण. उद्झुंग्वाची सेंगी दुसऱ्या जातीच्या नावावर मोडली असती, तर तिचे अरण्य किती थोडे आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नसते. आपल्या वृक्षचिचुंदरीचेही तसेच आहे. पूर्व घाट, सेलमजवळील येरकाडचे डोंगर, सातपुडा, गुजरातेतील डांग अशा दूरदूरच्या ठिकाणी तिची नोंद आहे. मधल्या डोंगरांत पाहणाऱ्याने ‘एक खार दिसली’ एवढेच लिहिले, तर ती तेथे असूनही नसल्यासारखी होते. आणि खाणीसाठी वा मळ्यासाठी तो डोंगर उघडा पडला, तर काय गमावले याची नोंदही उरत नाही. प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात वृक्षचिचुंदरीचा समावेश आहे. परंतु तपासणाऱ्याला ती खारीहून वेगळी ओळखता आली, तरच त्या कलमाचा उपयोग.

मराठीत या प्राण्यांविषयी लिहिताना इंग्रजी नावाचा शब्दशः अनुवाद केला की इंग्रजीतील जुनी चूकही आपल्या भाषेत वस्तीला येते. ‘वृक्षचिचुंदरी’ हा शब्द रूढ होऊ लागला आहे, तो वापरण्यास हरकत नाही. परंतु वापरताना एवढे ध्यानी धरावे की चिचुंदरी, वृक्षचिचुंदरी व सेंगी ही तीन निरनिराळी कुळे आहेत. विद्यार्थ्यांनी डोंगरात सहलीस जाताना वही बरोबर न्यावी. खारीसारखे काही दिसले तर मुस्कट, खांदा, पाठ व पुढचा पाय या चार गोष्टी पाहाव्यात, आणि स्थळ, दिवस व वेळ यांसह टिपून ठेवाव्यात. प्राण्याला पकडण्याची आवश्यकता नाही. नीट पाहून केलेली अशी एक नोंदसुद्धा नकाशावरील रिकामी जागा भरू शकते.