विवाह आणि कर्जदायित्व

पती किंवा पत्नीने घेतलेले कर्ज विवाहकाळात, घटस्फोटानंतर अथवा जोडीदाराच्या मृत्यूनंतर कोणी फेडायचे, हे ठरवणाऱ्या कायदेशीर नियमांना वैवाहिक कर्जदायित्व म्हणता येईल. महाराष्ट्रात पती-पत्नींची संपत्ती सामान्यतः स्वतंत्र मानली जाते. त्यामुळे केवळ विवाहामुळे एकाचे कर्ज दुसऱ्यावर येत नाही.

विवाहकाळ

दायित्व मुख्यतः सहीने निर्माण होते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळी तरतूद नसल्यास जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. धाराशिव जिल्ह्यातील तामलवाडीसारख्या गावांत शेतजमिनीवरील कर्जाचा बोजा सातबारा उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात नोंदवला जातो. पतीच्या जमिनीवर बोजा असला, तरी सहकर्जदार किंवा जामीनदार नसलेल्या पत्नीच्या स्वतःच्या मिळकतीतून त्याची वसुली होत नाही. स्त्रीधन ही पत्नीची स्वतंत्र मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार (१९८५) या खटल्यात स्पष्ट केले.

घटस्फोट

घटस्फोटाच्या वेळी ‘कर्जाचे हप्ते पतीने भरावेत’ असे ठरले, तरी ती तडजोड त्या दोघांपुरतीच असते. बँक त्या दाव्यात पक्षकार नसते. तिच्या संमतीशिवाय सहकर्जदाराचे नाव कमी होत नाही. पतीने हप्ते थकवल्यास बँक पत्नीकडे मागणी करू शकते आणि भरलेली रक्कम पतीकडून वसूल करण्यासाठी पत्नीला तडजोडीचा आधार घ्यावा लागतो. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात न दिलेली मेहर हे पतीवरील कर्जच मानले जाते.

मृत्यूनंतर

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ५२ नुसार मृताच्या वारसाकडून वसुली त्याच्या हाती आलेल्या मृताच्या मालमत्तेपुरतीच होते. त्यामुळे जामीनदार नसलेल्या विधवेला पतीचे कर्ज स्वतःच्या कमाईतून फेडणे बंधनकारक नसते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, १८७४ च्या कलम ६ खाली पत्नी वा मुलांच्या लाभासाठी काढलेला आयुर्विमाही सामान्यतः पतीच्या धनकोंपासून सुरक्षित राहतो.

गोवा

गोव्यातील कौटुंबिक कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारित आहे. विवाहापूर्वी वेगळा करार न केल्यास तेथे पती-पत्नींची संपत्ती सामाईक होते आणि दोघांनी मिळून घेतलेल्या कर्जाचा भार त्या संपत्तीवर येतो.