मेंदूतला नवा पाट

अलिबाग तालुक्यातील शहापूर-धेरंडकडची खारभूमी तुम्ही पाहिली आहे का? उधाणाच्या भरतीने तिथल्या बांधाला खांड पडली, की ती बुजवण्याचे काम ओहोटीच्या वेळातच उरकावे लागते. पुन्हा भरती आली, तर खारे पाणी भातशेतीत शिरते. मेंदूच्या एका शस्त्रक्रियेतही असेच वेळ बांधून काम करावे लागते. तिथे भीती असते ती मात्र रक्त न येण्याची.

आपला मेंदू सुमारे १.४ किलोग्रॅम वजनाचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण मिनिटाला सुमारे ७५० मिलिलिटर रक्त तो एकटा घेतो. एवढे रक्त का लागते? कारण त्याचे हातावर पोट आहे! ऑक्सिजन साठवून ठेवण्याची सोय त्याच्यापाशी नाही. मेंदूच्या दर १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते २० च्या खाली गेले, की पेशींचे विद्युत्‌कार्य मंदावते. त्या गप्प होतात, पण जिवंत असतात. १० च्याही खाली गेले, तर काही मिनिटांतच त्या मरू लागतात, आणि मेलेली पेशी परत येत नाही.

आता मेंदूकडे जाणारी एखादी रोहिणी आतून चोंदली तर? कानाच्या किंचित पुढे बोट ठेवून पाहा, तिथे नाडी लागेल. ही रोहिणी कवटीवरच्या त्वचेला रक्त पुरवते. ती कवटीच्या आत वळवून मेंदूच्या रोहिणीला जोडली, तर रक्ताला नवा पाट मिळेल. ३० ऑक्टोबर १९६७ रोजी झुरिच येथे गाझी याशारगिल या शल्यविशारदांनी माणसावर ही शस्त्रक्रिया प्रथम केली. जोडायच्या रोहिण्या एक-दीड मिलिमीटर जाडीच्या आणि टाक्यांचा धागा केसाहून बारीक! सूक्ष्मदर्शकाशिवाय हे काम होणेच नाही.

परंतु वाहत्या रोहिणीला भोक पाडून टाके कसे घालणार? म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना बारीक चिमटे लावून रक्त अडवतात. साधारण वीस-तीस मिनिटे पुढच्या भागाला त्या वाटेने रक्त मिळत नाही. निरोगी मेंदूत शेजारच्या शाखा तेवढी वेळ निभावून नेतात. पण ज्याला ही शस्त्रक्रिया हवी असते, त्याच्या शेजारच्या शाखा आधीच पूर्ण ताणलेल्या असतात. खरी अडचण इथेच आहे.

म्हणून भूलतज्ज्ञाचे काम शल्यविशारदाइतकेच नाजूक. रक्तदाब उतरू द्यायचा नाही, कारण अरुंद वाटांतून रक्त ढकलायला तोच उरतो. श्वासही बेताचा हवा. भराभर खोल श्वास घेतल्यावर भोवळ आल्यासारखे होते ना? त्या वेळी रक्तातला कार्बन डायॉक्साइड कमी होतो आणि मेंदूतल्या वाहिन्या आकसतात. मोयामोया नावाच्या विकारात मेंदूच्या तळाच्या रोहिण्या हळूहळू अरुंद होत जातात. अशा मुलांना मोठ्याने रडल्याने, गरम अन्नावर फुंकर घातल्याने किंवा फुंकून वाजवायच्या वाद्यामुळेही हातापायांतली शक्ती थोडा वेळ गेल्याचे दिसते.

मग एवढा धोका पत्करावा का? अमेरिकेत व कॅनडात मानेतली मोठी रोहिणी पूर्ण बंद झालेल्या रुग्णांची एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. शस्त्रक्रिया झालेल्या ९७ जणांपैकी १४ जणांना पहिल्या ३० दिवसांतच पक्षाघाताचा झटका आला. नुसत्या औषधांवर असलेल्या ९८ जणांपैकी दोघांना. जोड बहुतेकांचे उत्तम वाहत होते, तरीही! दोन वर्षांचा हिशेब केला, तेव्हाही शस्त्रक्रियेचे पारडे जड ठरले नाही. तेव्हापासून अशा रुग्णांना बहुधा औषधेच देतात. मोयामोयात मात्र ही शस्त्रक्रिया आजही उपयोगी ठरते.

मोठ्या रोहिणीसाठी हॉलंडमधील उट्रेख्ट येथे तुलेकेन यांनी निराळी युक्ती काढली. नवी वाहिनी बाहेरून आधी शिवून घ्यायची आणि मगच आतून लेसर किरणांनी भोक पाडायचे. चिमटा लावून रक्त अडवण्याची वेळच येत नाही.