मनगटाची वेदना मोजावी कशी?

शेताच्या बांधावरून पाय घसरला की माणूस पडता पडता तळहात टेकतो आणि देहाचा सारा भार मनगटावर येतो. अशा वेळी मनगटाजवळचे हाड मोडते. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या अस्थिभंगाचे वर्णन केले. उतारवयात हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आढळते.

साधारणतः सहा आठवड्यांत प्लास्टर निघते व क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसते. परंतु तेवढ्याने हात कामाचा होत नाही. पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागतात. वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीला विळा धरणे, भाकरी थापणे, धुणे पिळणे हे जमते की नाही, ते चित्रात उमटत नाही. ते रुग्णच सांगू शकतो.

हे सांगणे मोजता यावे म्हणून कॅनडातील संशोधिका जॉय मॅकडर्मिड यांनी १९९० नंतरच्या दशकात पंधरा प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. पाच प्रश्न वेदनेचे, दहा हाताच्या वापराचे. प्रत्येकास शून्य ते दहा गुण. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. वेदनेचे गुण पूर्ण व वापराचे निम्मे धरून शंभरपैकी बेरीज करतात. वेदनेचे २० आणि वापराचे ३६ गुण असल्यास बेरीज ३८ होते. पुढील तपासणीत ती २४ वर आली, तर सुधारणा १४ गुणांची. सुमारे साडेअकरा गुणांचा फरक रुग्णास खरोखर जाणवणारा मानला जातो.

मूळ प्रश्नांत सुरीने मांस कापणे, शौचासाठी कागद वापरणे अशी कामे आहेत. म्हणून आपल्याकडे नुसते भाषांतर पुरेसे नाही. मात्र प्रश्न मनाने बदलल्यास गुणांची तुलना निरर्थक ठरते. बदललेले प्रश्न प्रथम रुग्णांवर पारखून घ्यावे लागतात. २०१२ साली या प्रश्नावलीची हिंदी आवृत्ती अशी पारखून प्रसिद्ध झाली.

वाचता न येणाऱ्या रुग्णास प्रश्न वाचून दाखवावेत, पण उत्तर सुचवू नये. घरच्या मंडळींनीही तिच्या वतीने बोलू नये. प्लास्टर निघाले म्हणजे मजूर स्त्री कामास योग्य झाली, हा समज गावपातळीवर दूर व्हावयास हवा. बेरीज उतरत नसेल, तर तिला विनाविलंब पुन्हा डॉक्टरांकडे पाठविणे हेच हिताचे होय.