ग्रुप शांत का होतो?

व्हॉट्सअ‍ॅपवर शाळेच्या जुन्या तुकडीचा, गृहनिर्माण सोसायटीचा किंवा भावकीचा ग्रुप निघतो तेव्हा राजकारण कोणाच्या मनातही नसते. स्नेहसंमेलनाची तारीख, पाण्याचा टँकर, साखरपुड्याचे फोटो एवढेच त्याचे काम. निवडणूक जवळ आली की राजकारण आपोआप आत येते, आणि पुढे जे घडते त्याचा क्रम महाराष्ट्रात ठिकठिकाणी जवळपास सारखाच असतो.

सुरुवातीला माणसे स्वतःच्या शब्दांत लिहितात. वाक्ये मोडकी असतात, पण मत स्वतःचे असते. समोरचा एकेकाळी त्याच बाकावर बसलेला असतो किंवा रात्री-अपरात्री दवाखान्यात नेण्यासाठी गाडी काढणारा शेजारी असतो, म्हणून वाद तापला तरी जीभ आवरली जाते. ग्रुपही लहान असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये सदस्यांची कमाल मर्यादा १०० वरून २५६ झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि व्हिडिओ पाठवताना पैशांचा विचार करण्याचे कारण उरले नाही.

मग फॉरवर्डचा काळ सुरू झाला. चर्चा बिघडण्याचे मूळ इथे आहे. फॉरवर्ड लिहिणारा ग्रुपमध्ये नसतो. त्याला प्रश्न विचारता येत नाही, चूक दाखवली तर ती मान्य करायला कोणी नसते. पाठवणारा ‘आले तसे पाठवले’ म्हणून मोकळा होतो. उत्तरादाखल दुसऱ्या बाजूचा फॉरवर्ड येतो, आणि वाद दोन अनोळखी लेखकांत चालू राहतो. शाळासोबती त्यात फक्त टपाल पोचवत असतात.

राजकारणाबाहेर याच सवयीने जीवही घेतले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. वेग कमी झाला, सवय मात्र राहिली.

यानंतर येते ती शांतता. जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये मांडले की आपले मत अल्पमतात आहे असे वाटले की माणूस गप्प बसतो, त्यामुळे ते मत आणखी दुबळे भासते आणि आणखी काही जण गप्प होतात. दोनशे जणांच्या ग्रुपवर रोज पाच-सहा जणच लिहीत असले, तरी ‘सगळ्यांचे हेच मत’ असा समज होतो. सर्वांत आधी गप्प होतात ते मधले, ज्यांना दोन्ही बाजूंचे थोडे पटते. ते ग्रुप म्यूट करतात.

काही जण समविचारी मित्रांचा वेगळा ग्रुप काढतात. तिथे भांडण नसते, पण मते अधिक टोकाची होतात. सर्ज मोस्कोविची आणि मारिसा झावालोनी यांनी १९६९ मध्ये फ्रेंच विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हेच आढळले होते: चर्चेनंतर अध्यक्ष द गॉल यांच्याविषयीचे अनुकूल मत अधिक अनुकूल झाले आणि अमेरिकनांविषयीचे प्रतिकूल मत अधिक प्रतिकूल. महाराष्ट्रात २०२२ साली शिवसेना आणि २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तेव्हा अशा एकमताच्या ग्रुपांतही भेग पडली.

शेवटी अ‍ॅडमिन नियम करतो: राजकीय पोस्ट टाकू नये. कारवाईची भीतीही त्यामागे असते. सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, समान हेतू नसेल तर, अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही सरसकट बंदी सोपी वाटते. तिने भांडण थांबते आणि भिन्न मतांची, पण एकमेकांना ओळखणारी माणसे जिथे बोलू शकत होती अशी एक जागाही जाते. बंदी घालायचीच असेल तर अ‍ॅडमिनने ती फॉरवर्डवर घालावी, आणि स्वतः लिहिलेल्या चार ओळींना, त्या कितीही न पटणाऱ्या असोत, ग्रुपवर जागा ठेवावी.