लवंग, कडुनिंब आणि शेंगदाण्यातलं विष

उन्हाळा लागला की कोल्हापुरात मिरची कांडपाची घाई उडते. गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी मिरची उन्हात वाळते, खोबरं-तीळ भाजले जातात आणि कांदा-लसूण चटणी वर्षभरासाठी बरणीत भरली जाते. एवढी लवंग-दालचिनी घातल्यावर तिला बुरशी कुठून धरणार, असं घरोघरी मानलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड आणि ओव्यातलं थायमॉल ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीच्या पेशींचं आवरण खिळखिळं करतात, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. पण तिथे वापरतात तो अर्क किंवा तेल, तेही मोजून. मूठभर लवंगांकडून तेवढं काम होत नाही. चटणी टिकते ती मुख्यतः कोरडेपणामुळे आणि मिठामुळे. आणि मिरची वाळतानाच ओली राहून बुरसली असेल, तर या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष कांडपाआधीच तिच्यात उतरलेलं असतं. मसाल्यांसाठी किलोमागे ३० मायक्रोग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे ती यामुळेच.

कडुनिंबाची गोष्ट जास्त उद्बोधक आहे. १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्या पानांच्या अर्कात बुरशी वाढत राहिली, पण तिचं विष तयार करणं जवळपास थांबलं. मात्र विषनिर्मिती एकदा सुरू झाल्यावर अर्काचा उपयोग झाला नाही. म्हणजे वनस्पतींची ही द्रव्यं बहुतांशी आधीच्या रक्षणाची आहेत. तयार झालेलं विष उतरवण्याचे प्रयोगही झाले आहेत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ओव्याच्या अर्काने विष निष्प्रभ करण्यावर काम झालं, पण घरच्या डब्यात ओवा टाकून ते साधेल असं कुणी समजू नये.

हेच विष शेंगदाण्यांतही होतं, आणि ‘दाणे खरपूस भाजले की सगळं जळून जातं’ हा समज सर्वांत घातक. भाजल्याने बुरशी मरते, विष थोडं घटतं, संपत नाही. ते पुरतं मोडायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागातल्या आदिवासी गावांत पावसात भिजून याच विषाने भरलेला मका रोजच्या जेवणात आला आणि यकृत निकामी होऊन शंभरावर माणसं दगावली. तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली.

खवट, काळपट दाणे वाया कशाला घालवायचे म्हणून गुरांपुढे टाकले जातात. गाय-म्हैस त्यातल्या विषाचा काही अंश एम-१ या रूपात दुधात उतरवते आणि दूध उकळूनही तो जात नाही. घाण्यावर काढलेल्या तेलातही थोडं विष येतं, पेंडीत तर त्याहून बरंच जास्त. त्यामुळे असे दाणे गुरांना नकोत, घाण्यालाही नकोत.

खरी लढाई शेतातच होते. परतीच्या पावसात उपटलेला भुईमूग ढिगाने न ठेवता शेंगा वर करून पसरावा, आतला ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवावा. शेंग हलवल्यावर दाणा खुळखुळला की वाळवण जमत आली असं समजावं. फुटक्या शेंगा आणि सुरकुतलेले दाणे आधी वेगळे काढावेत. त्यानंतर हवाबंद साठवणीत वनस्पतींच्या सुगंधी तेलांच्या वाफेची जोड देता येते.